मग आणि म्हणून

शुक्रवारी सुगंधाबाई वरच्या आवाजात बोलत नसत. देवीचा वार. एक वेळचं जेवण, आंबट वर्ज्य, आणि तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही, असं त्यांनी लग्न होऊन आल्यापासून धरलेलं. त्यामुळं बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत त्या शुक्रवारी जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भिंतीपलीकडच्या आशाबाईला काही ऐकूसुद्धा गेलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक मनकर्णा, घरातली मनू, उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. आजीचं नाव तिला ठेवलेलं. औरंगाबादला मास्तरकीच्या कॉलेजात शिकत होती, आणि वादविवादात कॉलेजला ढाल मिळवून दिल्यापासून तिच्याशी बोलताना नात्यातली माणसं जरा जपून बोलत.

उन्हाळ्यात ती फुलंब्रीजवळच्या गावी, थोरल्या चुलत्यांकडं गेली होती. चुलते आप्पासाहेब, गावातलं मोठं घर. त्यांच्या मुलानं, बन्सीनं, आपल्या बायकोला, साळूला, माळवदावरून खाली ढकललं. हात मोडला तिचा. घरानं सांगितलं, वाळवण उचलताना पाय घसरला. साळूच्या माहेरच्यांनी फिर्याद केली. आता कोर्टाची तारीख आली होती, आणि त्या वेळी माळवदावर तिसरं माणूस होतं ते एकटी मनू.

"घसरला असंल पाय," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुला काय ठावं?"

"मी कुरडया उचलत होते माय, तिच्यापासून हातभर लांब. पाय घसरला तर माणूस हात पसरतं, कुठं तरी धरायला बघतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. कामून झाकलं असंल?"

"तुझ्या कालेजात नुसता वादच शिकवतात, का वाढायला बी शिकवतात?"

मनू हसली. "वाढते की. आधी उत्तर तर दे."

"बन्सी आत गेला तर साळूचा संसार मोडंल."

"हात मोडला त्याचं?"

"हात जुळतो."

"अन् संसार जुळंल कशावरून? पुढच्या खेपेला विहीर असंल."

"तुझं लग्न व्हायचंय अजून. चुलतभावाविरुद्ध कचेरीत उभी राहिलेली पोरगी कोण करून घेईल?"

"खोटं बोललेली करून घेतील व्हय?"

सांडूभाऊ, मनूचे वडील, कंपनीतून येऊन भिंतीला टेकून चहा पीत होते. बशीतला घोट संपवून ते म्हणाले, "पोरगी म्हणती ते खोटं नाय, मनूची माय."

सुगंधाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. लेकीच्या बोलण्याला त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते हवंही नव्हतं. साळू घसरली नव्हती हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या घरात त्यांनीही काही वर्षं काढली होती. पण त्या घराविरुद्ध बोलायचं म्हणजे सण, वार, लग्नकार्य, सगळ्यांतून उठून जायचं. एवढं लेकीला समजावून सांगता आलं असतं. त्याला मनूनं काहीतरी विचारलं असतं, आणि मग त्यालाही उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांना लहानपणापासून उत्तरं द्यायची सवय नव्हती. मोठ्यांनी सांगायचं, धाकट्यांनी ऐकायचं, तिथं उत्तराची जागाच नव्हती.

भाकरी फुगली. ती उतरवून त्या हळूच म्हणाल्या, "बन्सीविरुद्ध तोंड उघडशील, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मनूचा हात मेथीवरच राहिला.

"माय, हे उत्तर नाय."

"नसू दे. शप्पथ हाये."

अशी शप्पथ ज्यानं घातली त्यालाच ती सोडता येते. त्यांच्या गावाकडं समोरासमोर बसून, ओंजळीत पाणी देऊन, डोळ्याला डोळा देत 'सुटली' म्हणतात. पोरं खेळताना हसत म्हणतात. मोठी माणसं म्हणतात तेव्हा हसत नाहीत. मनू तारखेपर्यंत त्याची वाट पाहत होती. कोर्टात जायच्या सकाळी चपला घालून ती उंबऱ्यात किती तरी वेळ घोटाळली. सुगंधाबाई देवापुढं बसल्या होत्या. मागं लेक उभी आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी घंटी वाजवायला घेतली आणि चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत ती वाजवत राहिल्या.

सांडूभाऊ तिच्याबरोबर गेले. मनूनं पाहिलं तेवढंच सांगितलं, त्यात एक शब्द जास्त घातला नाही की कमी केला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी कर्णपुऱ्याच्या देवीच्या रांगेत सुगंधाबाईंची छाती आवळून आली. हातातलं ताट सुटलं. लोकांनी रिक्षात घालून त्यांना घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. पुढचं त्यांना तुकड्यातुकड्यांतच आठवे: नाकावर काहीतरी चढवलेलं, छताचा पंखा, सांडूभाऊंचं रडवेलं तोंड. डॉक्टरांनी दोघा बापलेकीला बाजूला घेऊन सांगितलं ते मात्र त्यांनी नीट ऐकलं होतं. हे आजचं दुखणं नाही. लहानपणी सांधे धरून ताप आला असेल, तेव्हापासून हृदयाची झडप खराब आहे, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तो ताप सुगंधाबाईंना चांगला आठवत होता. माहेरी एक अख्खा पावसाळा त्या अंथरुणावर होत्या.

आणि आणखी एक बोलणं त्यांनी ऐकलं. आप्पासाहेबांची बायको दगडाबाई भेटायला आली होती. घराण्याचं तोंड काळं झालं होतं, पण आजाऱ्याला बघायला यायची रीत तिनं मोडली नव्हती. सुगंधाबाईंचे डोळे मिटलेले पाहून ती पलीकडं उभ्या असलेल्या मनूला म्हणाली, "मायची शप्पथ मोडलीस तू. म्हणून ही खाटंवर आली. आता बघ डोळं भरून."

सुगंधाबाई जाग्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो जाऊबाई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐका. आवाज निघाला नसता तर हात तरी हलवता आला असता. त्यांनी हलवला नाही. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना बरंही वाटलं होतं. देवीनं आपली बाजू राखली, असं.

डोळे उघडले तेव्हा मनू खिडकीशी पाठमोरी उभी होती.

त्या दिवसापासून लेकीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं, कारण मनूनं कशात काही कमी केलं नव्हतं. घाटीतून घरी आणलं तेव्हा महिनाभर तिनं आईला पाणीसुद्धा उठून घेऊ दिलं नाही. पाय चेपे, ते पायांकडं बघत. गोळ्या तळहातावर ठेवी, ते तळहाताकडं बघत. डोकं विंचरायला ती मागं बसे, आणि तिथं बसली की जरा मोकळी होऊन बोले, कॉलेजातल्या गमती सांगे. सुगंधाबाईंनी मान वळवली की बोलणं तुटे.

पुढं तिला सोयगावला शाळेत नोकरी लागली. निकाल साळूच्या बाजूनं लागला होता, पण माहेरच्या भावजया तिला ठेवून घ्यायला राजी नव्हत्या. मनू तिला आपल्याबरोबर घेऊन गेली. साळूला त्याच शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. दिवाळीला मनू घरी येई, लुगडं आणी, आईच्या खांद्यावर टाकी आणि बापाला विचारी, "दादा, मायला रंग शोभतो का?" स्थळं आली की "बघू" म्हणे. दर रविवारी फोन करी. फोनवर ती तासभर बोले, अगदी पहिल्यासारखी. सुगंधाबाईंना रविवार आवडू लागला. मग कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की फोनमध्ये तोंड दिसत नाही, म्हणून रविवार चांगला जातो.

लेकीचा राग गेला नाही, असंच त्या धरून चालल्या. देवीला म्हणायच्या, माझं तोंड बघायची सुद्धा तिला किळस येते, एवढं मी काय केलं? केलं ते त्यांना ठाऊक होतं, पण देवीपुढं माणूस सगळंच उघड बोलतं असं कुठं आहे.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांना चार पायऱ्या चढल्या की दम लागू लागला. डॉक्टरांनी या खेपेला फक्त सांडूभाऊंना आत बोलावलं. बाहेर आल्यावर ते काही बोलेनात. रिक्षात बसल्यावर सुगंधाबाईच म्हणाल्या, "मला सोयगावला घालून द्या. मनूला काय सांगू नका. एकदा माझ्याकडं बघू दे तिला, बस. मग मला दुसरं काय नको."

"मी येतो संगं."

"नको. तुम्ही असला की ती तुमच्याकडंच बघत बसती."

मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळची गाडी निघाली. फुलंब्री मागं पडली, सासरच्या गावाचा फाटा मागं पडला. त्या फाट्याकडं त्यांनी पाहिलं नाही. सिल्लोडला उतारू बदलले. अजिंठ्याचा घाट उतरताना गाडी हिंदकळली तशी शेजारची बाई म्हणाली, "मावशी, तुमचा रंग लई उतरलाय. कुणाकडं चालला?"

"लेकीकडं."

"मंग काय, येईल रंग."

शाळा भरलेली होती. ओट्यावर साळूचा टोप चुलीवर चढलेला. तिनं त्यांना पाहिलं आणि हातातला झारा ठेवून धावत आली. मोडलेला हात कोपरात जरा वाकडाच जुळला होता.

"काकी, सांगायचं तरी. बोलवू का बाईला?"

"शिकवू दे. मी बसते इथं."

साळूनं पोतं अंथरून दिलं. बसल्या जागेवरून वर्गाची खिडकी समोर येत होती. आत मनू फळ्याजवळ उभी होती. फळ्यावर तिनं दोनच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले होते. सुगंधाबाईंना अक्षरओळख होती. एका बाजूला 'मग', दुसऱ्या बाजूला 'म्हणून'.

"कोंबडा आरवला, मग उजाडलं," मनू म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर," सगळी पोरं ओरडली.

"आता, कोंबडा आरवला म्हणून उजाडलं."

निम्मी पोरं "बरोबर" म्हणाली, निम्मी गप्प बसली.

"आमचा कोंबडा पाव्हण्यांनी खाल्ला," एक मुलगी उठून म्हणाली. "तरी उजाडलं बाई."

मनू खळखळून हसली. सुगंधाबाईंनी ते हसणं किती वर्षांनी ऐकलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मांजर आडवं गेलं म्हणून आमची येष्टी हुकली," मागचा एकजण म्हणाला.

"मांजर गेलं नसतं तर डायव्हर थांबला असता का?"

पोरानं विचार केला. "नाय. त्यो लई कडू हाये."

"मग मांजराला कामून शिव्या देता? आधी एक झालं, मग दुसरं झालं. 'मग' डोळ्यांनी दिसतं. 'म्हणून' दिसत नाही, ते सिद्ध करावं लागतं. कुणी तुमच्यापुढं 'म्हणून' म्हणालं की काय विचारायचं?"

"कशावरून?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

मनू बोलताना एकेका पोराजवळ जाऊन, वाकून, त्याच्या तोंडाकडं बघत होती. कुणाची हनुवटी वर करत होती. जे पोर चुकलं त्याच्याकडं तर जास्तच वेळ बघत होती. सुगंधाबाईंना पोरांचा हेवा वाटला, आणि मग त्यांच्या कानात दगडाबाईचा आवाज आला. म्हणून ही खाटंवर आली.

त्या साळूकडं वळल्या. "साळू, मनू माझ्यावर अजून रागं भरलीय का?"

"राग?" साळूनं टोपातली खिचडी हलवली. तिला बोलावं की नाही ते ठरवता येत नव्हतं. "काकी, त्या तुमच्यावर कधीच रागावल्या नायत. मी एकदा विचारलं त्यांना, असं कामून करता म्हणून. म्हणल्या, साळू, मी तोंड उघडलं, ते तर झालं. आता उरलं ते बघायचं. बघितलंच नाय, तर मेलेलं कसं दिसंल?"

"असं म्हणली?"

"हसत म्हणल्या. म्हणल्या, मला ठावं हाये हे येडेपण हाये. पण घाटीत माय तसलीच दिसली होती गं, म्हणल्या. एकदा दिसली. दुसऱ्यांदा नको."

सुगंधाबाईंनी पदर तोंडावर घेतला. इतकी वर्षं लेक त्यांना जिवंत ठेवत होती, एवढाच त्या पाठ फिरवण्याचा अर्थ होता.

संध्याकाळी मनूच्या खोलीत दिवा लागला. साळू मुद्दामच दुकानाला म्हणून बाहेर गेली. मनू परातीत पीठ मळत बसली होती, अर्थातच भिंतीकडं तोंड करून. आई आल्याचा आनंद तिच्या पाठीवरसुद्धा दिसत होता. केळीच्या बागा, शाळेतली नवी खोली, साळूनं शिकून घेतलेली सही, सगळं ती एका दमात सांगत होती.

"तुझा वर्ग ऐकला मी," सुगंधाबाई म्हणाल्या.

"मग? पास का नापास?"

"तू साक्ष दिलीस. मग मी पडले." त्या सावकाश, एकेक शब्द लावून बोलत होत्या, असं बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "म्हणून नाय पडले मने. लहानपणी ताप आला होता, म्हणून पडले. डाक्टरनं सांगितलं तवा तू तिथंच होतीस. जाऊबाई बोलली ते बी मी ऐकलं होतं. जागी होते मी. तवाच बोलायला पाहिजे होतं."

मनूचे हात पिठात थांबले.

"मला ठावं आहे माय. तुझ्याआधी ठावं आहे."

"मग बघ की इकडं."

"डोक्याला ठावं आहे. मान वळत नाय." तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं, ते मळून झालं होतं तरी. "साऱ्या तालुक्याला शिकवीन मी. मला स्वतःला तेवढं शिकवता येत नाय. अन् पोरांपुढं उभी राहते ना, तवा रोज वाटतं, हे आपण कुणाला फसवतोय."

"कुणाला फसवत नायस तू. इकडं ये."

सुगंधाबाईंनी तांब्या घेतला. लेकीचे हात धुतले. तिला आपल्यासमोर बसवलं आणि ओंजळीत पाणी दिलं. मनू खाली बघत होती. ओंजळीतून पाणी सांडत होतं.

"तुझी शप्पथ सुटली मने."

मनूनं पाणी पिऊन टाकलं. "सुटली," ती म्हणाली, पण मान खालीच.

सुगंधाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. मनूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं. केवढी झाली होती लेक. कपाळावर एक आठी पडली होती, ती त्यांना ठाऊकच नव्हती. कानाजवळचे दोन केस पांढरे झालेले. इतक्या जवळून त्यांनीही लेकीचं तोंड तेव्हापासून पाहिलं नव्हतं.

"उघडते," मनू म्हणाली. "थांब माय. उघडते मी. जरा थांब."

आणि तेवढ्यात सुगंधाबाईंचा श्वास अडकला. छातीत ती ओळखीची आवळ आली. फार नव्हती, पाण्यावर बुडबुडा यावा तशी आली आणि विरली. पण तेवढ्या वेळात त्यांना सगळं दिसलं. आज ही डोळे उघडणार. शप्पथ सुटली म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून उघडणार. आणि डॉक्टरांनी सांडूभाऊंना जे सांगितलं असणार ते आठ दिवसांनी होईल, नाहीतर महिन्यानं. मायच्या तोंडाकडं बघितलं, मग माय गेली. जगातली सगळी शाळा शिकलेली असली तरी माझी लेक त्या 'मग'चं 'म्हणून' करील, आणि तेव्हा 'कशावरून' विचारायला मी नसेन.

ज्याच्यासाठी त्या घाट उतरून आल्या होत्या ते बोटभर अंतरावर होतं. पापण्या हलू लागल्या होत्या.

सुगंधाबाईंनी आपला तळवा लेकीच्या डोळ्यांवर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "राहू दे बाई. घाई नाय."

"मी उघडत होते माय."

"ठावं हाये. दिवाळीला बघ. आता पाठ कर इकडं, तुझी वेणी घालते."

मनू वळून बसली. सुगंधाबाईंनी तिचे केस सोडले आणि विंचरत राहिल्या. साळू परत आली, भाकरी झाल्या, तरी वेणी चालूच होती. सोडायची आणि पुन्हा घालायची.

सकाळच्या गाडीत मनूनं त्यांना खिडकीशी बसवून दिलं आणि खाली उभी राहिली. गाडी निघायला वेळ होता. सुगंधाबाईंनी पदर कपाळावरून पुढं ओढून घेतला आणि तोंड पलीकडच्या बाजूला वळवलं, म्हणजे लेकीला खिडकीकडं मोकळेपणानं बघता यावं. मनूनं वर पाहिलं की नाही ते त्यांना कळलं नाही. वळून बघावंसं फार वाटलं. घाट चढून होईपर्यंत त्या तशाच, मान पलीकडं करून बसल्या होत्या.

घरी आल्यावर सांडूभाऊंनी विचारलं, "बघितलं का पोरीनं?"

"बसा जरा," सुगंधाबाई म्हणाल्या.

त्यांनी चहा केला. बशी नवऱ्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, "मला काय झालं तर मनूला लगेच कळवू नका. सगळं आटपू द्या. मला झाकून न्या, अग्नी द्या, अन् मग फोन करा."

सांडूभाऊंनी बशी खाली ठेवली. "डोकं फिरलं का तुझं? एकुलती एक लेक. तिच्याबिगर नेऊ तुला? लोक मला चपलंनं मारतील."

"मारतील."

"दोन गाड्या बदलून सुद्धा ती सांजंला पोचती. तेवढं थांबता येत नाय व्हय?"

"थांबायचंच नाय, तेच तर सांगते."

"मी नाय ऐकायचो." त्यांनी बशी लांब सारली. "घाल मला बी शप्पथ. ती तर तुला येती घालायला. घाल, मग ऐकतो. नायतर नाय."

सुगंधाबाईंनी मान हलवली. "शप्पथ नाय घालणार. सांगते. पटलं तर करा."

त्यांनी सांगितलं. मनूनं माझं मेलेलं तोंड पाहिलं तर शप्पथ खरी ठरेल. तिनं साक्ष दिली आणि तरीही ते तिला कधी बघावं लागलं नाही, तर शप्पथ खोटी पडेल. मी 'सुटली' म्हणाले, त्यानं ती सुटली नाही. खोटी पडली तरच सुटेल. 'कशावरून' म्हणून तिनं स्वतःला विचारलं, तर तिच्याजवळ दाखवायला काहीतरी असेल.

"अन् शेवटचं बघू दिलं नाय म्हणून जन्मभर रडंल ती, त्याचं?"

"रडंल. तुमच्यावर रागं भरंल, बोलायची नाय तुमच्याशी. पण स्वतःला दोष द्यायची नाय." त्या थांबल्या. "तेवढं तुम्हाला सोसावं लागंल. माझ्याच्यानं होणार नाय, मी तर नसंन. तुमच्यावरच टाकते मी हे. पटत नसंल तर नाय म्हणा. खरंच नाय म्हणा."

चहावर साय धरली. भिंतीपलीकडं आशाबाईचा कुकर शिट्ट्या देत होता.

"तुला बघावंसं नाय वाटत तिला?"

सुगंधाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि ठेवूनच बसल्या.

"मला नाय समजलं," सांडूभाऊ शेवटी म्हणाले. डोळे पुसून ते त्यांच्याकडं वळून बसले. "पुन्हा सांग. पयल्यापासून."

दिवेलागण व्हायची होती, देवापुढची वात अजून लावायची राहिली होती. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं.